अफूची पेटी आणि बावीस किलोची पिशवी



वार्षिक व्याख्यानासाठी मंडळाने माझे नाव सुचवले तेव्हा कार्यकारिणीला बहुधा वाटले असावे की होमिओपॅथीचा डॉक्टर हानेमानवर बोलेल, नाहीतर आपल्या भागातल्या जुन्या बसदींवर. मी विषय कळवला तो अमली पदार्थांच्या मोठ्या व्यापाराला आपली न्यायालये शिक्षा कशी देत आली याचा. दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा फोन आला, "डॉक्टर, टायपिंगमध्ये काही चूक झाली नाही ना?" चूक झाली नव्हती. पण मी वकील नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

या विषयाकडे मला एका आईने ढकलले. जुन्या हुबळीतली ही बाई वीस वर्षे माझ्याकडे औषधाला येते. आधी गुडघ्यांसाठी, मग रक्तदाबासाठी. काही वर्षांपूर्वी ती झोप येत नाही म्हणून आली. मुलगा रिक्षा चालवायचा. रेल्वेने आलेली एक पिशवी एका पत्त्यावर पोहोचवायची, एवढ्या कामाचे त्याला अडीच हजार मिळणार होते. पिशवीत गांजा निघाला. पंचनाम्यात वजन २२ किलो ४०० ग्रॅम. तिने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, वकील म्हणतात वीस किलोच्या खाली असता तर गोष्ट वेगळी होती. त्या पिशवीत देठं किती, पाला किती, हे कोण बघणार?"

मी तिला झोपेचे औषध दिले, पण प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते शोधायला बसलो आणि गांजापासून अफूपर्यंत, हुबळीपासून भायखळ्यापर्यंत मागे मागे गेलो. तिथे मला माझ्याच समाजाचे एक देऊळ भेटले. ते कसे, हे आता सांगतो.

आपले हुबळी-धारवाड १९५६पर्यंत मुंबई इलाख्यात, नंतरच्या मुंबई राज्यात होते. त्यामुळे अफूचा मुंबईचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे. शिंदे-होळकरांच्या माळव्यात, उज्जैन-इंदूर-मंदसोरच्या काळ्या जमिनीत पिकणारी अफू चीनला जायची. बंगालची अफू ही कंपनी सरकारची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मात्र संस्थानी प्रदेशातली, म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरची. १८१८नंतर पेशवाई बुडाली तेव्हा कंपनीने ती दाबून धरण्याचा प्रयत्न केला. संस्थानांशी करार केले, काही वर्षे मालही स्वतः खरेदी करून पाहिला. माळव्याच्या व्यापाऱ्याने मग वाट बदलली. पाली, जैसलमेर, सिंधचे वाळवंट, कराची, आणि तिथून जहाजाने पोर्तुगिजांच्या दमणला. इंग्रज सरकार या मार्गाला चोरटा व्यापार म्हणत होते. त्याच सरकारला जेव्हा दिसले की हा माल अडत नाही, तेव्हा १८३१च्या सुमारास त्याने मुंबईचा रस्ता मोकळा केला. प्रत्येक पेटीमागे परवाना शुल्क भरा आणि माल बंदरावर न्या. शुल्क आधी १७५ रुपये होते, दमणच्या वाटेशी स्पर्धा करण्यासाठी १८३५मध्ये ते १२५वर आणले. १८४३मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि शुल्क चढू लागले. १८४७मध्ये ते ४०० रुपये झाले.

म्हणजे तोच माल, तोच व्यापारी, तोच उंट. १८३०मध्ये तस्कर आणि १८३२मध्ये करदाता. गुन्हा कोणता हे त्या मालाने ठरवले नाही, पावतीने ठरवले. मला हा इतिहास वाचताना प्रथम जे खटकले ते हेच, आणि आजपर्यंत ते खटकायचे थांबलेले नाही.

माळव्याच्या एका पेटीत साधारण १४० पौंड अफू असे, म्हणजे सुमारे ६३ किलो. आजच्या कायद्यात अफूची 'व्यापारी मात्रा' अडीच किलोपासून सुरू होते आणि किमान शिक्षा दहा वर्षे सक्तमजुरी. एका पेटीत ती मात्रा पंचवीस वेळा बसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही वर्षी मुंबईहून अशा तीस हजारांहून अधिक पेट्या बाहेर पडत होत्या. हिशेब तुम्हीच करा, मला तो करायला धीर होत नाही.

कारण या व्यापारात कोण होते? सर जमशेटजी जीजीभाई होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाचे रुग्णालय १८४५मध्ये सुरू झाले. त्यांचे भागीदार आणि जोडीदार कोण, हे कमी लोक सांगतात. त्यात एक नाव शेठ मोतीचंद अमीचंद यांचे. आम्ही जैन त्यांना मोतीशहा शेठ म्हणतो. भायखळ्याचे आदिनाथाचे मंदिर त्यांनी १८२९मध्ये बांधले, पालिताण्याला शत्रुंजयावर त्यांच्या नावाची टूक आहे. १८३२मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली आणि पारशी-हिंदूंनी दंगा केला, त्यानंतर १८३४मध्ये जी पांजरपोळ उभी राहिली तिच्यामागे जमशेटजींबरोबर मोतीशहा होते. मुंगीलाही जपणारा धर्म, कुत्र्यासाठी पांजरपोळ, आणि गोदीत चीनला निघालेल्या पेट्या. मी तरुणपणी भायखळ्याला त्या मंदिरात दर्शन घेतले आहे. तेव्हा मला हे माहीत नव्हते. आता माहीत आहे, आणि तरीही पुन्हा गेलो तर हात जोडीनच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक दडवून दुसरी सांगणे मला या वयात जमत नाही.

आमच्यातले काही लोक म्हणतील, तेव्हा तो गुन्हा नव्हता. बरोबर आहे. सरकार स्वतःच सर्वांत मोठा घाऊक विक्रेता होते. मग शिक्षा कोणाला व्हायची? सरकारला चुकवून विकणाऱ्याला. १८७८चा अफू कायदा वाचला तर हे लख्ख दिसते. परवान्याशिवाय अफू बाळगणे, नेणे, विकणे यासाठी मूळ कायद्यात शिक्षा होती ती एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किती माल, हा प्रश्न शिक्षेच्या कलमात येतच नव्हता. हा करचुकवेगिरीचा कायदा होता. चीनच्या किंवा काठियावाडच्या अफूबाजाच्या हालअपेष्टांशी त्याला कर्तव्य नव्हते. एक तरतूद मात्र त्या कायद्यात पुढच्या काळाची चाहूल देणारी होती. जवळच्या अफूचा समाधानकारक खुलासा आरोपीने दिला नाही तर गुन्हा झाला असे गृहीत धरायचे. हे गृहीतक आजच्या कायद्यातही आहे. निर्दोष ठरण्याचा बोजा आरोपीवर टाकायची सवय आपल्याला १९८५मध्ये लागली नाही, ती शंभर वर्षे जुनी आहे, आणि ती महसूल खात्याच्या दप्तरातून आली आहे.

गांजाचा हिशेब वेगळा होता. १८९३मध्ये विल्यम केन नावाच्या खासदाराने ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला आणि हिंदुस्थानात भांग-गांजा चौकशी आयोग नेमला गेला. त्याने ११९३ साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल दिला. आयोगासमोर एक मोठा दावा होता की वेड्यांच्या इस्पितळांत गांजाने वेडे झालेले लोक भरले आहेत. आयोगाने इलाख्याइलाख्यांतल्या इस्पितळांची दप्तरे मागवली. १८४५ साली सुरू झालेले आपले धारवाडचे मनोरुग्णालय त्या काळी मुंबई इलाख्यातच होते. लहानपणी आपण एकमेकांना "तुला धारवाडला धाडायला हवं" म्हणायचो ते हेच. आयोगाने एकेक नोंद तपासली तेव्हा दिसले की बहुतेक ठिकाणी 'कारण : गांजा' हे पोलिसाने किंवा कारकुनाने लिहिलेले होते, वैद्याने शोधलेले नव्हते. रोगी आला, कारण माहीत नाही, रकाना रिकामा ठेवायचा नाही, लिहा गांजा. मी चाळीस वर्षे केसपेपर लिहितो आहे, या रकान्याचा मोह मला चांगला माहीत आहे. बेताने गांजा ओढणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र वाईट, असा आयोगाचा निष्कर्ष होता आणि बंदीऐवजी कर व परवाना हाच मार्ग त्याने सुचवला.

अफूच्या बाबतीत जनमत त्यापेक्षा लवकर फिरले. चीनशी १९०७मध्ये करार झाला आणि काही वर्षांतच चीनची निर्यात थांबली. १९३०मध्ये धोकादायक औषधिद्रव्यांचा कायदा आला. मुंबईच्या गिरणगावात आया कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळागोळी देत. त्याविरुद्ध डॉक्टरांनी आणि स्त्रियांच्या संस्थांनी खूप ओरड केली. स्वातंत्र्यानंतर ठरले की औषधाखेरीज अफूचे सेवन दहा वर्षांत संपवायचे. आपल्याकडे मोरारजीभाईंच्या काळातला १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा होता. वडील सांगत, गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला अफूचे परमिट होते आणि तो महिन्याची ठरलेली अफू घेऊन डबीत ठेवी, दुसऱ्याला दाखवतही नसे. त्याला कोणी गुन्हेगार म्हणाले नाही. आज त्याची डबी सापडली असती तर?

१९८५पर्यंत मोठ्या तस्करालाही कमाल शिक्षा तीन वर्षे होती, दुसऱ्यांदा सापडला तर चार. किमान शिक्षा नव्हतीच. काही न्यायाधीश किरकोळ शिक्षेवर सोडून देत, ही तक्रार नव्या कायद्याच्या उद्देशपत्रिकेतच लिहिली आहे. त्या वेळी अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून हेरॉइन मुंबईमार्गे युरोपला जाऊ लागले होते, गर्दुल्ला हा शब्द मुंबईच्या मराठीत रुळत होता, आणि आंतरराष्ट्रीय करारांचा दट्ट्या होता. त्यातून गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला. सगळेजण त्याला एनडीपीएस म्हणतात, मीही तेच म्हणतो. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, बालदिनी, लागू झाला. किमान दहा वर्षे, कमाल वीस. दंड एक ते दोन लाख. गांजाला त्यात थोडी सूट होती. बाकी पदार्थांना, स्वतःच्या वापरासाठीची अगदी थोडी मात्रा सोडली तर, पाच ग्रॅम काय आणि पाचशे किलो काय, एकच माप.

न्यायाधीशाचे हात याने कसे बांधले गेले ते गोव्यातल्या एका खटल्यात दिसते. रात्री मोटारसायकलवरून जाताना एक फ्रेंच माणूस पोलिसांच्या हाती लागला. त्याच्याकडची द्रव्ये किलोत नव्हे, ग्रॅममध्ये मोजण्याइतकी होती. शिक्षा झाली दहा वर्षे आणि एक लाख दंड. १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि तस्करीच्या जाळ्याने तरुण पिढी कशी पोखरली जात आहे यावर कडक शब्दांत लिहिले. शब्द खरेच होते. पण ते ज्याच्या निकालात लिहिले गेले तो माणूस त्या जाळ्याचा मालक होता, असे मला वाटत नाही. त्याच वर्षी कायदा आणखी कडक झाला. जामीन जवळजवळ अशक्य, शिक्षेत सूट नाही, आणि ठरावीक वजनापेक्षा जास्त मालाचा गुन्हा दुसऱ्यांदा केला तर फाशीच, दुसरा पर्यायच नाही. अफूसाठी ते वजन दहा किलो होते. मोतीशहांच्या एका पेटीत ते सहा वेळा बसते.

या कडकपणाला जे धक्के बसले त्यांतले दोन महत्त्वाचे आपल्या जुन्या इलाख्याच्या राजधानीशी आणि राज्याशी जोडलेले आहेत, याचा मला जरासा अभिमान वाटतो. २०००मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दादू ऊर्फ तुलसीदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार कायदा हिरावून घेऊ शकत नाही. आणि दुसरा, फाशीचा. मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यात एका काश्मिरी माणसाला फाशी ठोठावली होती, कारण कायद्यात दुसरी शिक्षाच नव्हती. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठाने ते कलम रद्द केले नाही, पण 'फाशी दिलीच पाहिजे' याचा अर्थ 'फाशी देता येईल' असा लावला. १९८३मध्ये खुनाच्या एका कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले होते तेच सूत्र : माणसाकडे, त्याच्या परिस्थितीकडे न बघता सक्तीने मरण द्यायला लावणारा कायदा न्याय्य नसतो. २०१४मध्ये संसदेने कायद्यातच तसा बदल केला.

आता वजनाकडे येतो, कारण त्या आईचा प्रश्न वजनाचा होता. २००१मध्ये सरकारने चूक मान्य केली आणि मात्रांचे कोष्टक केले. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, २५० ग्रॅमपासून पुढे व्यापारी मात्रा. चरस १०० ग्रॅम आणि एक किलो. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. गांजा एक किलो आणि वीस किलो. अल्प मात्रेला आज जास्तीत जास्त एक वर्ष, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत पण किमान नाही, आणि व्यापारी मात्रेला दहा ते वीस वर्षे. ही सुधारणा २ ऑक्टोबरला लागू झाली. या कायद्याच्या तारखांना मुहूर्त बघायची हौस दिसते.

सुधारणा चांगली होती. पण कोष्टक आले की त्याबरोबर काठावरचे भांडण येते. काय मोजायचे? पुडीत शंभर ग्रॅम पावडर आहे, त्यात हेरॉइन दोन ग्रॅम आणि बाकी खडूची भुकटी. वजन शंभर की दोन?

इथे मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. माझ्या दवाखान्यातल्या कपाटात 'ओपियम' नावाची बाटली आहे, तीसची आणि दोनशेची. आमचा सगळा धंदाच मूळ द्रव्य आणि वाहक यांच्या नात्यावर चालतो. तीसच्या पोटेन्सीत अफूचा एक रेणूही उरत नाही, हे आमचे टीकाकार आम्हाला ऐकवत असतात आणि आम्हीही ते नाकारत नाही. ती साखरेची गोळी अफू म्हणून तराजूत टाकली तर मी केव्हाच आत गेलो असतो. कायदा तेवढा वेडा नाही. ज्या मिश्रणात ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त मॉर्फिन नाही त्याला तो अफू मानत नाही. म्हणजे प्रमाणाची कल्पना कायद्याला आहे. मग पुडीच्या बाबतीत?

२००८मध्ये ई. मायकल राज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आमच्यासारखा विचार केला. पकडलेला माल चार किलोंहून थोडा अधिक होता, पण त्यात शुद्ध हेरॉइन भरले साधारण ६० ग्रॅम. न्यायालयाने म्हटले, शुद्ध द्रव्य मोजा. ६० ग्रॅम म्हणजे मधली मात्रा. शिक्षा दहा वर्षांवरून सहावर आली. सरकारला हे मानवले नाही आणि पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर २००९ रोजी, त्याने अधिसूचना काढली की सबंध मिश्रण मोजायचे. अकरा वर्षे वाद चालला. २२ एप्रिल २०२० रोजी, आपण सगळे टाळेबंदीत घरी बसलो होतो तेव्हा, हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी मायकल राजचा निकाल चुकीचा ठरवला. मोजायचे ते भेसळीसकट. त्यांचा युक्तिवाद असा की रस्त्यावर शुद्ध हेरॉइन कोणीच विकत नाही, विकली जाते ती भेसळच, आणि व्यसनी मरतो तो त्या भेसळीनेच.

डॉक्टर म्हणून मला हा युक्तिवाद अर्धा पटतो. भेसळ खरेच मारते. पण मग शिक्षेचा क्रम उलटा होतो हे कोणी बघितले? वरच्या व्यापाऱ्याकडे दोनशे ग्रॅम शुद्ध माल आहे, तो मधल्या मात्रेत, त्याला किमान शिक्षा नाही. त्यातले पाच ग्रॅम घेऊन तीनशे ग्रॅम भुकटीत मिसळून पुड्या विकणारा पोरगा व्यापारी मात्रेत, त्याला किमान दहा वर्षे. माल जितका पातळ होत खाली उतरतो तितकी शिक्षा घट्ट होते. एलएसडीचे तर आणखी मजेशीर. तो एका कागदाच्या तुकड्यावर थेंबभर टाकतात. त्याची व्यापारी मात्रा एका ग्रॅमचा दहावा भाग आहे. कागद धरायचा की नाही यावर उच्च न्यायालयांत वेगवेगळी मते पडली. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी निर्णय दिला की कागद गिळला जातो, तेव्हा तोही मोजा. कागद म्हणजे आमची साखरेची गोळीच. ते वाचून मी कपाटाकडे बघून हसलो, पण ज्याची दहा वर्षे त्या कागदावर टांगली होती त्याला हसू आले नसणार.

इतर देशांनीही वजनाची ही चूक करून पाहिली आहे. अमेरिकेने १९८६मध्ये पाच ग्रॅम क्रॅकला पाचशे ग्रॅम पावडर कोकेनइतकी शिक्षा ठरवली. तुरुंग गरीब काळ्या पोरांनी भरले, आणि २०१०मध्ये ते प्रमाण १०० वरून १८वर आणावे लागले. इंग्लंडने २०१२मध्ये दुसरी रीत धरली : वजनाबरोबर भूमिका बघायची. सूत्रधार, महत्त्वाचा साथीदार, किंवा नुसता हमाल. हमालाची शिक्षा खूप खाली आणली. आपल्या कायद्यात असे काही नाही असे नाही. किमान शिक्षेपेक्षा जास्त कधी द्यावी याची एक यादी आहे : शस्त्र, हिंसा, अधिकारपदाचा गैरवापर, शाळेजवळची विक्री, आंतरराष्ट्रीय टोळी. पण किमानापेक्षा कमी कधी द्यावी याची यादी नाही. न्यायाधीशाला वरचे दार आहे, खालचे नाही.

त्यामुळे होते असे. रफीक कुरेशी खटल्यात खालच्या न्यायालयाने अठरा वर्षे दिली, उच्च न्यायालयाने सोळा केली, २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारा केली. दहाच्या वरच्या भागात एवढी मोकळीक आहे. २०२१च्या गुरदेव सिंग खटल्यात आरोपी गरीब आहे, नुसता वाहक आहे, पहिलाच गुन्हा आहे, असे सांगितले गेले. माल एक किलो हेरॉइन, म्हणजे व्यापारी मात्रेच्या चौपट. न्यायालयाने पंधरा वर्षे कायम ठेवली. दारिद्र्य हे कमी शिक्षेचे कारण होऊ शकत नाही, कारण एका गरिबाच्या हातून जाणारा माल अनेक गरीब घरे उद्ध्वस्त करतो. न्यायालये १९९९च्या रामसमुझ निकालाचाही नेहमी आधार घेतात : खुनी एकदोघांना मारतो, अमली पदार्थांचा व्यापारी कितीतरी तरुणांना.

मी हे वाक्य सहज बाजूला सारू शकत नाही. माझ्या दवाखान्यात धारवाडच्या कॉलेजांतली मुले आई-वडिलांबरोबर आलेली आहेत. वडील बाहेर उभे राहून डोळे पुसतात आणि आत मुलगा म्हणतो, मला काही झालेले नाही. अशा वेळी व्यापारी कोण हे मला कळले तर मीही त्याला वीस वर्षांची शिक्षा मागेन. पण व्यापारी पिशवी घेऊन रेल्वेने येतच नाही. हुबळीचा फलाट २०२३पासून जगातला सर्वांत लांब, दीड किलोमीटरचा, आहे. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातून निघालेला गांजा त्यावर उतरतो, पण त्याचा मालक मात्र त्या एवढ्या लांब फलाटावर कुठे दिसत नाही. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४मध्ये पुण्याच्या पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपासून दिल्लीपर्यंत हजार किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले. तिथे निदान कारखान्यापर्यंत तपास गेला. मेफेड्रोनची व्यापारी मात्रा पन्नास ग्रॅम आहे. पन्नास ग्रॅम घेऊन फिरणारा आणि हजार किलो बनवणारा, दोघांचा कायद्यातला पाया एकच दहा वर्षांचा.

याला उतारा म्हणून न्यायालयांनी आता पुराव्याच्या बाजूने काम चालवले आहे. तोफान सिंग खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. अंगझडतीच्या वेळी आरोपीला त्याचा हक्क सांगितला नाही तर त्या झडतीतून मिळालेला माल शिक्षेला आधार ठरत नाही, हे १९९९च्या बलदेव सिंग निकालापासून पक्के आहे. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला तर जामिनाचे कडक कलमही आडवे येऊ शकत नाही, हे मार्च २०२३मध्ये एका गांजाच्याच खटल्यात सांगितले गेले. तो आरोपी सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. मला यात एक विचित्र गोष्ट दिसते. शिक्षा देताना न्यायाधीशाला माणसाकडे बघता येत नाही, म्हणून तो पंचनाम्याकडे, सीलकडे, नमुन्याच्या पाकिटाकडे जास्त बारकाईने बघतो. एखादा सुटतो तो निर्दोष म्हणून नव्हे, तर लाखेचा शिक्का नीट उमटला नाही म्हणून. यात सज्जन सुटतो तसा बदमाशही सुटतो, आणि चांगला वकील परवडणारा बदमाश जास्त.

आता त्या पिशवीकडे. कायद्याने गांजाची जी व्याख्या केली आहे ती फुलोऱ्याची किंवा फळाला आलेल्या शेंड्यांची. शेंडे बरोबर नसतील तर बिया आणि पाने त्यात येत नाहीत. भांग त्यामुळेच वाचली. देठांचा तर उल्लेखही नाही. म्हणजे सबंध झाड कापून भरलेल्या पिशवीत कायद्याच्या भाषेतला गांजा किती, हा प्रश्न खरा आहे आणि वकील तो न्यायालयांत विचारतात. कधी ऐकला जातो, कधी नाही. बावीस किलो चारशे ग्रॅममधून देठ आणि सुटी पाने वजा झाली तर वजन वीसच्या खाली येऊ शकते. तसे झाले तर किमान दहा वर्षांची सक्ती जाते आणि न्यायाधीशाला त्या मुलाकडे, त्याच्या रिक्षाकडे, त्याच्या अडीच हजारांकडे बघायची मोकळीक मिळते.

मी एका तारखेला तिच्याबरोबर न्यायालयात गेलो होतो. धारवाडला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, २००८मध्ये फिरते म्हणून सुरू झाले, २०१३मध्ये कायम झाले, त्यामुळे आता अपिलासाठी बंगळूरला जावे लागत नाही, असे मी तिला धीर द्यायला सांगितले. ती म्हणाली, "अपील म्हणजे आधी शिक्षा व्हायला हवी ना?" मी गप्प बसलो. आत जप्त माल टेबलावर होता. पिशवी मी समजलो होतो त्यापेक्षा लहान होती. सरकारी वकिलांनी वजनाचा आकडा वाचला. बचावाच्या वकिलांनी विचारले, नमुना काढताना शेंडे आणि देठ वेगळे केले होते का. साक्षीदार अधिकारी म्हणाला, पंचनामा बघावा लागेल. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

मुलगा अजून आत आहे. आई दर गुरुवारी संध्याकाळी येते, तिसरा नंबर लावते, आणि मी नाडी बघण्याआधी विचारते, "डॉक्टरसाहेब, काही नवीन वाचलंत का?" या व्याख्यानातले बरेचसे मी तिला आधीच सांगून झाले आहे. मोतीशहा शेठांचे तेवढे सांगितलेले नाही.